सहा महिने उत्तर नाही

परवा शनिवारी सकाळी वैशालीत बसलो होतो. टेबल मिळायला पाऊण तास लागला, पण पुण्यात ते चालायचंच. सोबत ऑफिसमधली एक मुलगी होती, कॉलेजातून बाहेर पडून जेमतेम वर्ष झालेली. हुशार, मेहनती. पण समोर एस.पी.डी.पी. आली तरी बाईंचा चेहरा काही खुलेना. शेवटी विचारलंच, काय झालंय?

प्रकरण असं होतं. प्रोग्रॅमिंग करणाऱ्या लोकांच्या एका ऑनलाईन कम्युनिटीत ती चार महिन्यांपूर्वी सामील झाली. रात्री जागून लिहिते, शिकलेलं मांडते, पण कोणी ढुंकूनही बघत नाही. तिथलाच एखादा जुना खेळाडू एक ओळ खरडतो आणि शंभर जण वा वा करतात. "नवीन माणसाला कोणी विचारतच नाही रे," ती म्हणाली. "काढून टाकणार आहे मी सगळं."

मी म्हटलं, "रामानुजनलाही सहा महिने कोणी उत्तर दिलं नव्हतं."

"त्याचं काय? एक पत्र लिहिलं आणि डायरेक्ट केंब्रिजला गेला!"

तर मंडळी, आजचा लेख ह्या एका वाक्यामुळे. रामानुजनची गोष्ट आपल्या सगळ्यांना अशीच माहीत असते. कुंभकोणमचा गरीब पोरगा, नापास झालेला, कारकुनी करणारा. १६ जानेवारी १९१३ ला तो प्रोफेसर हार्डींना पत्र लिहितो, हार्डी थक्क होतात आणि पुढे इतिहास. सिनेमाला ही गोष्ट छान आहे. फक्त तिच्यात पत्राच्या आधीची तीन वर्षं गाळलेली आहेत, आणि नवख्या माणसाच्या कामाचं जे काही आहे ते नेमकं त्या तीन वर्षांत आहे.

आणि गंमत म्हणजे, त्या गोष्टीचा एक धागा वैशालीच्या समोरच्या गेटातून आत जातो. फर्ग्युसन कॉलेजात.

१९०६ च्या डिसेंबरात मद्रास इलाख्यातल्या व्ही. रामस्वामी अय्यर नावाच्या एका सरकारी अधिकाऱ्याने गणितात रस असलेल्या ओळखीच्या लोकांना पत्रं धाडली. हे गृहस्थ डेप्युटी कलेक्टर. पोटासाठी महसूल, मनासाठी गणित. त्यांची अडचण अगदी साधी होती. युरोप-अमेरिकेतली गणिताची नियतकालिकं आणि नवी पुस्तकं इतकी महाग की एकट्याच्या खिशाला परवडत नाहीत, आणि लहान गावातल्या कॉलेजात ती येत नाहीत. मग आपण सगळ्यांनी वर्गणी काढून ती मागवली तर? १९०७ च्या एप्रिलमध्ये मंडळ स्थापन झालं. सुरुवातीला सभासद जेमतेम वीस. नाव 'ॲनालिटिक क्लब'. पुढे त्याचीच 'इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी' झाली, जी आजही आहे.

ग्रंथालय कुठे ठेवायचं? तर पुण्यात, फर्ग्युसनमध्ये. तिथे तेव्हा प्राचार्य होते रँग्लर परांजपे, १८९९ मध्ये केंब्रिजचा सीनियर रँग्लर झालेला पहिला भारतीय. (सई परांजप्यांचे आजोबा म्हटलं की आपल्या पिढीला लगेच कळतं.) पुस्तकं आणि नियतकालिकं पुण्यात यायची आणि तिथून टपालाने सभासदांकडे फिरायची. मद्रास, बंगलोर, आणखी कुठली कुठली लहान गावं. एकमेकांचं तोंड न पाहिलेली माणसं एकाच विषयाच्या वेडापायी टपालखात्याच्या जिवावर जोडलेली. ओळखीचं वाटतंय ना? :-)

१९०९ पासून मंडळाचं स्वतःचं नियतकालिक निघू लागलं आणि त्यात एक सदर होतं प्रश्नोत्तरांचं. कोणीही सभासद प्रश्न घालायचा, त्याला क्रमांक मिळायचा, बाकीच्यांनी डोकं लढवून उत्तर पाठवायचं, ते नावानिशी छापून यायचं. लंडनच्या 'एज्युकेशनल टाइम्स'मध्ये असली सदरं आधीपासून चालायची. खुद्द रामस्वामी अय्यरांनी विद्यार्थी असताना तिथे गणितावर लिहून पाठवलं होतं. तिकडच्या संपादकांना वाटलं लिहिणारे कोणी प्राध्यापक असणार, म्हणून उत्तरात त्यांना 'प्रोफेसर' म्हटलं, आणि ती उपाधी ह्या डेप्युटी कलेक्टरांना जन्मभर चिकटली, असं सांगतात. म्हणजे दूरच्या कोणाला फक्त आपल्या लिखाणावरून ओळख पटते, हा अनुभव मंडळाच्या संस्थापकाच्या गाठीशी होता. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता १९१० सालचा रामानुजन पाहू. (अरे-तुरे करतोय, कारण तेव्हा तो बावीस वर्षांचा पोरगा होता.) गणित सोडून काही वाचायचंच नाही ह्या हट्टापायी कुंभकोणमच्या कॉलेजातली शिष्यवृत्ती गेली. मद्रासला पचय्यप्पा कॉलेजात गेला, तिथेही एफ.ए.ची परीक्षा सुटली नाही. १९०९ मध्ये लग्न झालं. हातात पदवी नाही, नोकरी नाही. कागद परवडत नाही म्हणून गणितं पाटीवर करायची, कोपराने पुसायची आणि शेवटचं उत्तर तेवढं वहीत उतरवायचं. लक्षात घ्या, त्याच्या वहीत 'कसं केलं' जवळजवळ नव्हतंच. फक्त 'काय मिळालं'.

ती वही काखेत मारून तो तिरुक्कोयिलूरला रामस्वामी अय्यरांना भेटायला गेला. मागणी काय? महसूल खात्यात कारकुनाची एखादी जागा द्या. अय्यरांनी वही चाळली. आतलं सगळं त्यांना कळलं अशातला भाग नाही, पण हे साधं काम नव्हे एवढं नक्की कळलं. आणि त्यांनी नोकरी दिली नाही! महसूल खात्याच्या तळाच्या पायरीवर ह्याला बसवलं तर ही बुद्धी गुदमरेल, असं त्यांना वाटलं. त्याऐवजी त्यांनी ओळखपत्र देऊन त्याला मद्रासला धाडलं.

इथून साखळी सुरू होते. मद्रासला पी. व्ही. शेषू अय्यर, रामानुजन कुंभकोणमच्या कॉलेजात असताना तिथे शिकवलेले, आता प्रेसिडेन्सी कॉलेजात. तिथून नेल्लोरचे कलेक्टर आर. रामचंद्र राव, मंडळाचे चिटणीस. रावांनी पुढे ह्या भेटीबद्दल लिहून ठेवलंय. दाढी वाढलेली, कपडे यथातथा, डोळे मात्र चमकणारे आणि काखेत झिजलेली वही. त्यांचा आधी विश्वासच बसेना. चार-चार भेटी झाल्या. रामानुजनने पहिल्यांदा जे दाखवलं ते रावांच्या डोक्यावरून गेलं, मग तो हळूहळू सोप्याकडून अवघडाकडे त्यांना घेऊन गेला, तेव्हा कुठे ते पटले. काय हवंय, विचारलं. तर पोटापुरते पैसे, म्हणजे गणित करत राहता येईल. राव महिना २५ रुपये स्वतःच्या खिशातून देऊ लागले.

इथपर्यंत ओळखीपाळखी झाल्या. पण ह्या ओळखी चार-पाच माणसांपुरत्या. मंडळाच्या बाकीच्या लोकांना हा कोण हे कसं कळणार? तर प्रश्नोत्तरांच्या सदरातून. १९११ पासून त्याचे प्रश्न छापून येऊ लागले. त्यातला सुरुवातीचाच एक, क्रमांक २८९. आधीचे २८८ प्रश्न बघता गर्दी काही कमी नव्हती. प्रश्न असा:

√(१ + २√(१ + ३√(१ + ४√(१ + ...)))) = ?

वर्गमुळाच्या पोटात वर्गमूळ, त्याच्या पोटात आणखी एक, हे असं अनंतापर्यंत. किंमत काढा. बस.

मी कॉलेजात असताना हा प्रश्न पहिल्यांदा पाहिला तेव्हा सरळ पाच ओळींचा प्रोग्रॅम लिहिला होता. (इंजिनियर! दुसरं काय करणार?) आतला आकडा ४ वर थांबवला तर २.५६ येतात. ५ वर थांबवला तर २.७६. ६ वर २.८७. हळूहळू सरकत स्वारी ३ कडे निघालीय हे दिसतं, पण का, ते प्रोग्रॅम सांगत नाही. आणि १९११ मध्ये तर प्रोग्रॅमही नव्हता.

नियतकालिकाचा पुढचा अंक आला. उत्तर नाही. त्याच्या पुढचा. नाही. तिसरा. नाही. तीन अंक, सहा महिने, इतक्या गणितवेड्यांपैकी एकाकडूनही उत्तर आलं नाही. शेवटी रामानुजनने स्वतःच आपलं उत्तर पाठवलं: ३.

किती सोपं आहे बघा. ३ म्हणजे √९, म्हणजे √(१ + २×४). त्यातला ४ म्हणजे √१६, म्हणजे √(१ + ३×५). त्यातला ५ म्हणजे √२५, म्हणजे √(१ + ४×६). असं एकात एक घालत जा, वरचा राक्षस आपोआप तयार होतो. आठवीतल्या मुलाला समजावता येईल. (अनंतापर्यंत नेताना टोकाचं शेपूट खरंच आटोक्यात राहतं का, हे सिद्ध करावं लागतं. रामानुजनने छापलेल्या उत्तरात ते नव्हतं, त्या अर्थाने त्याचंही उत्तर अपुरंच. पण ते सोडा.)

आता माझा मुद्दा. त्याच्या वहीत ह्याहून कितीतरी भारी गोष्टी होत्या. पण सदरात त्याने घातला तो दोन ओळींचा, कोणालाही लगेच समजणारा आणि हात घातला की न सुटणारा प्रश्न. 'बघा मला काय काय येतं' अशी यादी त्याने मांडली नाही. वाचणाऱ्याच्या हातात त्याने एक कोडं दिलं. त्या सहा महिन्यांत किती जणांनी जेवणानंतर पाटी-पेन्सिल घेऊन त्यावर डोकं फोडलं असेल, याची कुठेही नोंद नाही. उत्तर आलं नाही म्हणजे कोणी वाचलं नाही, असं थोडंच आहे? आणि उत्तर छापून आलं तेव्हा ज्याने ज्याने प्रयत्न केला होता त्याला एस. रामानुजन हे नाव कायमचं लक्षात राहिलं असणार. माझ्या तरी राहिलं असतं.

पण दिसणं आणि समजणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी. त्याच वर्षी त्याने बर्नुली संख्यांवर मोठा लेख पाठवला. मंडळाच्या नियतकालिकाचे संपादक होते बंगलोरचे एम. टी. नारायण अय्यंगार. त्यांची पार दमछाक झाली. पद्धती नव्या, पण मांडणी इतकी तुटक की सामान्य वाचकाला पत्ताच लागू नये. लेख परत गेला, दुरुस्त होऊन आला, पुन्हा गेला. ह्या येरझाऱ्यांनंतर १९११ च्या शेवटी तो छापला गेला. आपल्या भाषेत सांगायचं तर कोड रिव्ह्यू! रिव्ह्यू करणाऱ्याला राग येत असणार, लिहिणाऱ्यालाही येत असणार. पण संपादकाने लेख फेकून दिला नाही आणि रामानुजनने रुसून पाठवणं बंद केलं नाही. मला विचाराल तर अख्ख्या गोष्टीतली ही सगळ्यात महत्त्वाची, आणि कुठल्याही सिनेमात न येणारी जागा आहे.

१ मार्च १९१२ ला तो मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून म्हणून लागला, पगार महिना ३० रुपये. तिथे त्याचे वरिष्ठ कोण? एस. नारायण अय्यर, गणिताचे जाणकार आणि त्याच मंडळाचे सभासद. संध्याकाळी दोघं पाट्या घेऊन बसायचे. अय्यरांचं एकच म्हणणं असायचं: बाबा रे, जरा माझ्या पातळीवर उतर, तुझ्या दोन पायऱ्यांच्या मधे दहा पायऱ्या लिही. मला कळत नसेल तर दुसऱ्या कोणाला काय कळणार? असा माणूस शेजारी बसायला मिळणं हे पगारापेक्षा मोठं होतं.

आता पत्रांकडे येऊ. कारण पत्रं एक नव्हे, अनेक गेली होती. १९१२ च्या शेवटी मद्रासच्या इंजिनियरिंग कॉलेजातल्या ग्रिफिथ नावाच्या प्राध्यापकांनी रामानुजनचं काम लंडनला प्रोफेसर हिल यांच्याकडे पाठवलं. हिल यांनी मनापासून उत्तर दिलं, चुका दाखवल्या, कोणतं पुस्तक वाच तेही सांगितलं, पण त्यापुढे गाडी गेली नाही. केंब्रिजच्या बेकर आणि हॉब्सन ह्या दोन नामवंतांनाही त्याने लिहिलं. तिथून काहीच हाती लागलं नाही. म्हणजे 'एक पत्र आणि केंब्रिज' हे साफ चूक.

मग हार्डींना लिहिलेलं पत्र वेगळं का ठरलं? हार्डी हा माणूसच वेगळा होता, हे तर आहेच. पण पत्राची सुरुवातही बघण्यासारखी आहे. आपण कोण, कुठल्या कचेरीत कारकून, पगार किती, हे सांगून झाल्यावर तो लगेच हार्डींच्याच एका पुस्तिकेच्या ३६ व्या पानावर येतो. तुम्ही इथे म्हटलंय की अमुक एक सूत्र अजून सापडलेलं नाही, मला ते सापडलंय. (त्याचा तो दावा पुढे चुकीचा निघाला, पण दार तोवर उघडलं होतं!) स्वतःची वही पुढे सरकवण्याआधी त्याने समोरच्याचं पान उघडलं. नुसत्या 'सर, कृपया माझं काम पाहा' ह्या विनवणीत आणि ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिवाय पत्रात असंही आहे की इकडचे गणिती माझ्या निष्कर्षांना थक्क करणारे म्हणतात. हे 'इकडचे गणिती' कोण? तीच आपली मंडळी, टपालाने पुस्तकं वाटून घेणारी.

हार्डी आणि लिटलवूड रात्री बसून ती सूत्रं चाळतात, ही पुढची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. मी वेगळंच सांगतो. हार्डींचं उत्तर निघालं ८ फेब्रुवारीला, आणि त्याच वर्षाच्या मे महिन्यापासून मद्रास विद्यापीठाने ह्या पदवी नसलेल्या मुलाला महिना ७५ रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती सुरू केली. विद्यापीठ इतक्या लवकर हललं? मला वाटतं त्यात हार्डींच्या नावाइतकाच वाटा ह्याचा होता, की मद्रासमध्ये 'कोण हा रामानुजन?' असं विचारायची पाळी आली नाही. त्याचे लेख छापलेले होते, प्रश्न छापलेले होते, त्याच्यासाठी शब्द टाकणारी माणसं होती. १७ मार्च १९१४ ला तो इंग्लंडला निघाला. १९१८ मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो झाला. आणि तिकडे गेल्यावरही मंडळाच्या नियतकालिकाला प्रश्न पाठवत राहिला, १९१९ पर्यंत. एकूण पन्नासच्या वर भरतात. त्या वर्षी २७ मार्चला त्याची बोट मुंबईला लागली तेव्हा तो पार खंगलेला होता. पुढच्या वर्षी, २६ एप्रिल १९२० ला गेला. वय ३२.

एवढं सगळं मी एस.पी.डी.पी. संपेपर्यंत सांगून टाकलं. (बिचारी!) तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला त्या लोकांची नावं परत सांग."

मी सांगितली. रामस्वामी अय्यर, शेषू अय्यर, रामचंद्र राव, नारायण अय्यर, नारायण अय्यंगार.

"सगळे एकाच घरातले वाटतात," ती म्हणाली. "आणि बाई एकही नाही."

खरं सांगतो, इतकी वर्षं ही गोष्ट मी सांगतोय, पण नावं अशी सलग कधी वाचलीच नव्हती. रामानुजन कंगाल होता, नापास होता, पण ब्राह्मण होता आणि पुरुष होता. त्यामुळे कलेक्टरच्या घराचा उंबरा त्याला ओलांडता आला, वही दाखवण्याइतका वेळ मिळाला. त्याच वर्षी त्याच जिल्ह्यात दुसऱ्या जातीतला एखादा मुलगा किंवा एखादी मुलगी पाटीवर असंच काही करत असेल, तर त्यांची वही कोणाच्या टेबलापर्यंत गेली असती? खुल्या दिसणाऱ्या मंडळालाही भिंती असतात, आणि आत बसलेल्यांना त्या दिसत नाहीत. प्रश्नोत्तरांचं सदर त्यातल्या त्यात बरं, तिथे निदान लिहिणाऱ्याचा चेहरा दिसत नव्हता. पण सभासद व्हायला वर्गणी लागायची, इंग्रजी लागायचं, कोणीतरी अशा सदराचं नाव तरी कानावर घालावं लागायचं. म्हणून 'चांगलं काम करत राहा, जग दखल घेईलच' असला उपदेश मी तिला केला नाही. जग घेत नाही. चार-पाच माणसं घेतात आणि ती दुसऱ्या चार-पाच जणांना सांगतात. त्या चार-पाच जणांनी दार कोणासाठी उघडायचं, ही जबाबदारी मग आमच्यासारख्या आत बसलेल्या जुन्या खोंडांवर येते. त्या कम्युनिटीत मीही सहा वर्षं आहे, आणि तिचं एकही लिखाण मी उघडून पाहिलं नव्हतं. हे तिला सांगताना कॉफी जरा कडूच लागली.

घरी येऊन तिचं सगळं वाचलं. लिखाण चांगलं आहे, पण प्रत्येक ठिकाणी सगळी उत्तरं तिनेच देऊन टाकलेली. वाचणाऱ्याने करायचं काय, तर नुसती मान डोलवायची. शिवाय दोन पायऱ्यांच्या मधल्या दहा पायऱ्या गायब. तेवढंच मी तिला कळवलं. नारायण अय्यरांनी रामानुजनला ऐकवलं तेच, फक्त माझी पातळी त्यांच्याहून बरीच खाली आहे.

रविवारी रात्री तिने काहीही काढून टाकलेलं नव्हतं. उलट एक प्रश्न टाकला होता. तीन ओळींचा, साधा दिसणारा. मी दोन तास बसलो, सुटला नाही. अजून कोणीच उत्तर दिलेलं नाही.

असो. सहा महिने व्हायला अजून बराच वेळ आहे.